शेडकाका आणि फिजूलचं झाड

शेडकाका हे नाव ऐकलं की नव्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ पत्र्याच्या शेडमध्ये राहत असावेत. राहत नसत, पण दिवसातले पाच-सहा तास तिथे काढत, त्यामुळे ती समजूत अगदीच चूक होती असंही नाही. नावाचा खरा उगम मात्र रंगाच्या दुकानात होता. चौतीस वर्षं त्यांनी एकाच दुकानाच्या मागच्या खोलीत रंगांच्या शेड, म्हणजे छटा, मिसळल्या. गिऱ्हाईक यायचं आणि सांगायचं, आमच्या बैठकीत आहे ना, तसला पिवळा द्या. आता ह्यांनी त्याची बैठक कुठे पाहिलीय? पण काका दोनच प्रश्न विचारत, खिडकी कोणत्या अंगाला आणि पडदे कसले. मग तीन थेंब इकडचे, पाच थेंब तिकडचे टाकून काडीने ढवळत, आणि गिऱ्हाईक म्हणे, हाच. एका बाईंनी तर वाळकं पान आणून दिलं आणि स्वयंपाकघर ह्या रंगाचं हवं म्हणाल्या. काकांनी पान खिशात घातलं, दुसऱ्या दिवशी डबा हवाली केला. पुढे त्या घरात फरशी बदलली, खिडक्या बदलल्या, पण भिंतीला कुणाला हात लावू दिला नाही बाईंनी.

सांगायचा मुद्दा असा की ह्या माणसाचा विश्वास डोळ्यांवर होता. नाक, जीभ, कान ही मंडळी त्यांच्या लेखी बिनपगारी. डोळा म्हणाला हो, तर हो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कालव्यापलीकडे भाजी लावायला जमिनीचा एक तुकडा घेतला. तिथे असे पंधरा-वीस तुकडे ओळीने होते आणि प्रत्येकात कुणी ना कुणी निवृत्त माणूस गुडघे धरून उभा असायचा. कुणी कोबी लावी, कुणी फुलं. काकांनी टोमॅटो लावले आणि दुसरं काही लावलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला एक पुठ्ठा टांगला. त्याच्यावर रंगाच्या आठ पट्ट्या, स्वतः मिसळलेल्या. पहिली कच्ची हिरवी, मग हिरव्यात पांढुरकी, मग नुसती लाजलेली, करत करत आठवी भरगच्च लाल. टोमॅटो हातात घ्यायचा, पुठ्ठ्याला लावायचा. पाचवी पट्टी लांबच्या पाहुण्यांना, सहावी शेजाऱ्यांना, सातवी घरच्या ताटात, आठवी शिजवून बाटल्या भरायला. कुणी म्हणालं, काका, हा पिकलाय, तर ते म्हणत, कितव्या पट्टीचा ते बोला.

दुसरा नियम त्याहून कडक. मातीला टेकलेलं फळ टोपलीत यायचं नाही. टोमॅटोचं ते खरंही आहे. फळ जमिनीला लागलं की खालून ओल धरतं, डाग पडतो, एक नासकं फळ टोपलीभर फळांना नादी लावतं. म्हणून काका रोपांना काठ्यांचा आधार देत, सुतळीने बांधत, बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातले जादा कोंब, खुडत, आणि जड फळाला तर जुन्या कापडाची झोळी करून वर टांगत. गळलेलं फळ दिसलं की उचलून कोपऱ्यातल्या खतखड्ड्यात. त्याची चौकशी नाही, सुनावणी नाही.

काकू म्हणायच्या, "मी एकदा अंगणात घसरून पडले तर जपून हो. ह्यांच्या लक्षात आलं तर मला टोपलीत घ्यायचे नाहीत."

तर अशा ह्या टोमॅटोच्या घरात सून आली, आणि तिला टोमॅटो चालत नव्हता. म्हणजे आवडत नव्हता असं नाही हं. खाल्ला की तोंड चरचरायचं, ओठ सुजायचे. दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरीला होती बिचारी. दिवसभर दुसऱ्यांना सांगायची, टोमॅटो खात जा, त्यात पाणी भरपूर, उष्मांक कमी, तो लाल रंग असतो ना तोच औषधी, आणि तेलात शिजवला की अंगाला जास्त लागतो. आणि स्वतःच्या ताटातला मात्र हळूच नवऱ्याच्या ताटात सरकवायची. पहिल्या आठवड्यात तिने सासऱ्यांचं मन राखायला दोन फोडी खाल्ल्या आणि संध्याकाळी ओठ असे झाले की काकांनी स्वतः सायकल काढून औषध आणलं. त्यानंतर कुणी तिला आग्रह केला नाही.

पण काकांच्या जिवाला ते लागून राहिलं. दुकानदार असो, पोस्टमन असो, नळ दुरुस्त करणारा असो, दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलेला नाही. आणि घरात आलेल्या लेकीसारख्या पोरीला आपल्या हाताने पिकवलेली एक वस्तू देता येऊ नये? ती जेवायला बसली की त्यांची नजर तिच्या ताटावरून फिरून परत आपल्या ताटात यायची.

सुनेच्या हे ध्यानात आलं असणार, कारण एका रविवारी ती रोपवाटिकेतून दोन रोपं घेऊन आली. म्हणाली, बाबा, हे फीजोआ, परदेशी फळझाड आहे. माझ्या मामाकडे होतं, लहानपणी सुट्टीत आम्ही पोतंभर खायचो. तुमच्या मातीत लावा. हे मला चालतं.

ते "चालतं" काकांच्या कानात असं जाऊन बसलं की नाव नीट ऐकायचं राहिलंच. काकूंनी विचारलं, काय म्हणालीस? फिजूल?

"फीजोआ, आई."

"तेच. आणि फिजूलची दोन कशाला?"

तिने सांगितलं की एकटं असलं की हे झाड फुलतं पण फळायला कुरकुरतं, जोडीला दुसऱ्या जातीचं लागतं. काकू म्हणाल्या, म्हणजे माणसासारखंच की, आणि आत गेल्या. नाव मात्र फिजूल पडलं ते पडलंच.

काकांनी शेडच्या मागे, टोमॅटोच्या दोन गादीवाफ्यांची जागा मोडून, ती रोपं लावली. टोमॅटोच्या माणसाने गादीवाफा मोडणं म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळतं. शेजारच्या तुकड्यातले घड्याळजी, म्हणजे पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे ते, कुंपणावरून बघत राहिले आणि म्हणाले, तब्येत बरी आहे ना?

आता ह्या दोन झाडांचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच घडलं. टोमॅटो म्हणजे तान्हं मूल. सकाळी पाणी, दुपारी सावली, थंडी पडली की पांघरूण. पाणी आज जास्त उद्या कमी झालं की फळाचा बुडखा काळा. पण गुणही तसाच, लावल्यापासून तीन महिन्यांत हातावर फळ ठेवतो. फीजोआ उलटं. लावा आणि विसरा. पानं वरून हिरवी, खालून चांदीसारखी पांढुरकी, बाराही महिने अंगावर. कीड फारशी नाही, थंडी सोसतं, मागणं काही नाही. पण देण्याचीही घाई नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वर्षी फुलं आली, जाड गुबगुबीत पाकळ्या आणि मधे लालभडक तुरे. सून नातीला कडेवर घेऊन बघायला आली, एक पाकळी तोडून तिने तोंडात टाकली, म्हणाली, गोड असते, खाऊन बघा. काकांनी खाल्ली. चव कशी होती ते विचारू नका, कारण ते त्या लाल तुऱ्यांची पट्टी मनात मिसळत होते.

त्याच सुमारास घरात वादही रंगले. रात्रीच्या जेवणाला सून दवाखान्याच्या पद्धतीने कागदावर दोन रकाने पाडायची. एकीकडे टोमॅटो, दुसरीकडे फीजोआ. सी जीवनसत्त्व, फीजोआत दुपटीहून जास्त. चोथा, म्हणजे पोट साफ ठेवणारा भाग, फीजोआत चार-पाच पट. काकांचा चेहरा पडायला लागला की ती घाईघाईने म्हणायची, पण तो लाल औषधी रंग फक्त टोमॅटोत हं, फीजोआत नाव नाही, आणि पोटाला हलका टोमॅटोच. काका घास थांबवून म्हणायचे, लिही, लिही ते. ते लिहिलेला कागद त्यांनी फ्रिजवर चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, फक्त फीजोआचा रकाना अंगठ्याने झाकून.

चौथ्या वर्षी फळ धरलं. नऊ. पानांत लपलेली, अंड्याएवढी, हिरवी. काकांनी ती एकट्याने मोजली आणि घरी अक्षर बोलले नाहीत. मनसुबा असा, की लाल झाली की नऊच्या नऊ एका बशीत घालून सुनेपुढे ठेवायची. नातीच्या मागे आणि दवाखान्याच्या पाळ्यांत तिला तिकडे यायला सवड नव्हतीच. दर रविवारी विचारायची, बाबा, माझी झाडं काय म्हणतात? हे म्हणायचे, मजेत आहेत.

फळं मात्र लाल होईनात. थंडी तोंडावर आली तरी पहिली पट्टी ती पहिलीच. काकांनी एक फळ तोडून आणलं, टोमॅटोसारखं वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीत ठेवलं. दहा दिवसांनी उघडलं तर ते सुरकुतलं होतं, पण रंग ढिम्म. चाखलं, तर आंबट-तुरट, दात शिवशिवले. आणि मग एका सकाळी शेडच्या मागे चार फळं जमिनीवर. हिरवीगार. दुसऱ्या दिवशी दोन, मग उरलेली दोन.

टोमॅटोच्या माणसाला ह्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. कच्चं फळ गळलं, म्हणजे रोग. काकांनी ती आठही फळं फावड्यावर घेतली, खड्ड्यात टाकली आणि वर पालापाचोळा ओढला. रविवारी सुनेने विचारलं तेव्हा म्हणाले, यंदा धरलंच नाही. पहिल्यांदाच खोटं बोलत होते तिच्याशी. काकूंनी विचारलं, ताप आहे का तुम्हाला.

पुढचं वर्षभर काकांनी त्या झाडांची जी सेवा केली ती स्वतःच्या टोमॅटोंचीही केली नव्हती. राख घातली, शेणखत घातलं, मुळाशी पालापाचोळा अंथरला. ह्या वर्षी फळं धरली एकतीस. आणि थंडी जवळ आली तशी पुन्हा गळायला लागली. रोज सकाळी दोन, तीन. काका सगळ्यांच्या आधी जाऊन ती खड्ड्यात पुरायचे, चोरासारखे. कोपऱ्यातून एक वास यायचा गोड, अत्तर सांडल्यासारखा, त्यावर ते मनात म्हणायचे, घड्याळजींनी कसलं तरी फूल लावलेलं दिसतंय.

घड्याळजी मात्र कुंपणावर कोपरं टेकवून बघत होते. त्यांनी निदान केलं. म्हणाले, मुळाचा रोग आहे. आज ह्याला, उद्या तुमच्या टोमॅटोंना, परवा माझ्या कोबीला. उपटून टाका.

काका शेडमध्ये जाऊन बसले. झाडावर तेरा फळं उरली होती. त्यांनी जुना चौकड्यांचा सदरा फाडला, सुईदोरा काढला आणि तेरा छोट्या झोळ्या शिवल्या. रंगाच्या काडीऐवजी पहिल्यांदाच सुई धरलेल्या माणसाने टाके घातले ते कसे असतील, तुम्हीच समजा. प्रत्येक फळाखाली एकेक झोळी फांदीला बांधली. निदान पडू तरी देणार नाही, एवढाच हिशेब. मग तीन दिवस तिकडे फिरकायची छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचं मनाशी ठरलं. झाडं काढायची, रोग पसरण्याआधी. पण झाडं सुनेची. तिला न सांगता कुदळ लावणं हे त्यांच्यातल्या माणसाला जमेना, आणि सांगायचं म्हणजे मागचं सगळं सांगावं लागणार. दुपारी त्यांनी दवाखान्यात फोन केला. फोनवर एवढंच म्हणाले, सवड काढून तुकड्यावर येऊन जा, तुझ्या झाडांचं काही ठीक नाही.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून, अंगातला पांढरा कोटही न काढता आली. काका कुदळ भिंतीला टेकवून शेडच्या दारात उभे होते. तिने आधी कुदळ पाहिली, मग त्यांचा चेहरा. ती तशीच मागे गेली, तर दोन्ही झाडांवर चौकड्यांच्या तेरा झोळ्या लटकलेल्या.

"बाबा, हे काय?"

"झोळ्या आहेत. फळं गळतात तुझी. हिरवीच गळतात." मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. मागच्या वर्षीची नऊ, ह्या वर्षीची एकतीस, खिडकीतलं वर्तमानपत्र, राख, शेणखत, घड्याळजींचं निदान. धरलंच नाही म्हणालो ते खोटं बोललो. तुला एक फळ माझ्या हातचं द्यायचं होतं. ते जमलं नाही. आता झाडं काढतो, तुझी परवानगी दे.

सुनेने एक झोळी तळहातावर तोलली. फळ आतल्या आत सुटून पडलेलं होतं. तिने ते काढून नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. 

"गळलेली कुठे टाकलीत?"

"खड्ड्यात."

"सगळी?"

"सगळी. मातीला टेकलेली होती ना गं."

ती तिथेच पालथ्या बादलीवर बसली. खांदे हलायला लागले. काकांना वाटलं, रडतेय, आणि ते दोन पावलं पुढे झाले. ती हसत होती, म्हणजे हसता हसता डोळे पुसत होती, दोन्ही एकदम.

"बाबा, हे पिकलं की गळतं. गळतं तेव्हाच पिकलेलं असतं. मामाकडे आम्हाला झाडाला हात लावायची बंदी होती, फक्त खालची वेचायची."

"हिरवं?"

"हिरवंच. हे लाल होतच नाही कधी."

काकांनी झाडाकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि तो अत्तराचा वास पहिल्यांदा नीट त्यांच्या नाकात शिरला. बिनपगारी नाक दोन वर्षं ओरडून सांगत होतं आणि साहेबांनी ऐकलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस मला?"

तिने मान खाली घातली. म्हणाली, तुम्हाला? तीस तीस टोपल्या टोमॅटो काढणाऱ्या माणसाला मी फळ कधी घ्यायचं ते शिकवणार होते? मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार. आणि धरलं नाही म्हणालात तेव्हा वाटलं, माझ्या हट्टापायी तुमचे दोन वाफे गेले. ह्या वर्षी मीच म्हणणार होते, काढून टाका.

म्हणजे बघा, ते तिचं मन राखायला गप्प, ती त्यांचा मान राखायला गप्प, आणि मधल्या मधे खतखड्डा खाऊन पिऊन सुखी.

काकांनी तेराही झोळ्या चाचपल्या. सात फळं सुटून आत पडली होती, सहा अजून देठाला धरून होती. ती सहा त्यांनी तशीच राहू दिली. सातांतलं एक शर्टाला पुसलं, खिशातल्या चाकूने आडवं कापलं. आत पांढरट गर, मधोमध पारदर्शक फूल उमटल्यासारखं. चमचा नव्हता. शेडमध्ये रंग ढवळायच्या कोऱ्या लाकडी काड्या होत्या, त्यातली एक आणून त्यांनी अर्धं फळ तिच्या हातावर ठेवलं. मग अचानक काही आठवल्यासारखे म्हणाले, "हे मातीला टेकलेलं नाही हं. झोळीत होतं."

"नाही टेकलेलं," ती म्हणाली, आणि गर खरवडून खाल्ला. काका उभ्या उभ्या तिच्या ओठांकडे बघत होते. चरचरलं नाही, सुजलं नाही. तिने काडीने सालीपर्यंत खरवडलं आणि फळाची रिकामी वाटी पुढे करून म्हणाली, अजून एक द्या.

ते वाक्य काकांनी घरी जाऊन काकूंना तीन वेळा सांगितलं. काकूंनी एक फळ चमच्याने चाखलं, अननस आहे की पेरू ह्यावर विचार केला, दुसरं चाखलं, आणि म्हणाल्या, फिजूल नाही अगदी. तिसरं त्यांनी नातीसाठी म्हणून आत नेलं, पण नात तेव्हा झोपलेली होती.

घड्याळजींच्या कोबीला काही झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच दोन रोपं मागितली.

काकांनी मात्र त्या दुपारच्या दुसऱ्याच दिवशी माळ्यावरून रंगाच्या दुकानातलं जुनं जाड कापड काढलं. भिंत रंगवताना फरशीवर टाकतात ते, चौतीस वर्षांच्या सगळ्या रंगांचे डाग पडलेलं. ते झाडांखाली अंथरलं. मातीला टेकलेलं फळ टोपलीत घ्यायचं नाही हा नियम त्यांनी मोडला नाही, फळ मातीपर्यंत पोचणार नाही अशी व्यवस्था केली. आणि शेडमधला पुठ्ठा खाली उतरवून आठव्या पट्टीच्या पलीकडे नववी पट्टी रंगवली. सगळ्यात लाल पट्टीच्या शेजारी, कच्चीपेक्षाही गर्द हिरवी. नवा माणूस विचारायचा, काका, ही चुकून लागली का इथे? काका पट्टीखाली पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द फक्त बोटाने दाखवत. खाली पडल्यावर.